बंदीहुकूम, बंदिवान आणि कारागिरी

१७२४ साली जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या त्सुगारू संस्थानाने शेतकऱ्यांसाठी काटकसरीचा एक हुकूम काढला. शेतकऱ्याने आपल्या पायरीने राहावे, सुती कापड अंगावर घालू नये, भांगेच्या झाडाच्या वाखापासून घरी विणलेल्या जाड्याभरड्या कापडावर भागवावे, असा त्याचा मथितार्थ होता. त्सुगारू म्हणजे आजच्या आओमोरी प्रांताचा पश्चिम भाग. तेथे वर्षातले चार-पाच महिने बर्फ असते. वाखाचे कापड उन्हाळ्यात सुखाचे, पण हिवाळ्यात त्याच्या विरळ विणीतून वारा आरपार जातो. इतक्या थंडीत कापूस पिकत नाही, त्यामुळे सुती कापड पश्चिम जपानातून गलबतांनी यायचे आणि त्यासाठी संस्थानाचा पैसा बाहेर जायचा. तो वाचवायचा तर ज्यांनी तक्रार केली तरी कोणाला ऐकू जाणार नाही, त्यांच्याच अंगावरून वाचवायचा, हा हिशेब राज्यकर्त्यांना सर्वत्र सुचतो.

या हुकुमाखाली राहणाऱ्या बायकांनी जे केले, त्याला आज ‘कोगिन’ भरतकाम म्हणतात. निळीत रंगवलेल्या वाखाच्या कापडाच्या छिद्रांतून त्या पांढरा धागा आडवा ओवत गेल्या. आधी धागाही वाखाचाच असे. पुढे सुती सूत थोडेफार मिळू लागले, तेव्हा सुताचा. हेतू अगदी साधा होता. छिद्रे बुजावीत, ऊब यावी आणि ओझे वाहून खांद्यावरचे कापड विरू नये, एवढेच त्यांना हवे होते. मात्र सुईने ताण्याचे धागे मोजून उचलायचे, तेही नेहमी विषम संख्येने, एक, तीन, पाच, सात, असा दंडक एकदा पडला की ओळीवर ओळ चढत जाताना त्यातून उभट चौकटी आपोआप आकार घेऊ लागतात. शेजारच्या नाम्बू संस्थानातल्या बायका सम संख्येने धागे उचलत, म्हणून त्यांच्या चौकटी आडव्या पसरतात. दोन संस्थानांमधली सीमा अशी टाक्यांतून वाचता येते.

टोकियोच्या कोमाबा भागात जपानी लोककलांचे एक संग्रहालय आहे. मी नोकरीनिमित्त या शहरात राहते आणि सुटीच्या दिवशी तेथे जाण्याची मला सवय लागली आहे. तेथे कोगिनचा एक जुना अंगरखा बराच वेळ न्याहाळता आला. लांबून तो करडा दिसतो. जवळ गेल्यावर निळा आणि पांढरा रंग वेगळे होतात, आणखी जवळ गेल्यावर नक्षीही विरते आणि केवळ धागे उरतात. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत बोट टेकवायला मोकळी जागा नव्हती. कमरेखाली मात्र एकही टाका नाही, कारण तो भाग कमरपट्ट्यात आणि विजारीत दडायचा. दिसणार नाही तेथे धागा घालवायचा नाही, ही काटकसर मला त्या नक्षीइतकीच बोलकी वाटली. चौकटींच्या आतल्या लहान आकृत्यांना बायकांनी घरातलीच नावे दिली आहेत: दाणा, फूल, भोपळा, मांजराचा डोळा, फुलपाखरू. नक्षीचे हे सुटे घटक जुळवून अख्खा अंगरखा भरायचा आणि तोही हिवाळ्यात, शेकोटीच्या उजेडात, डोक्यातच मोजत.

त्सुगारूची राजधानी असलेल्या हिरोसाकीच्या किल्ल्याच्या पश्चिमेकडच्या गावांतले काम सर्वांत नाजूक मानले जाते. तेथे डोंगरातून पाठीवर ओझी आणावी लागत, म्हणून खांद्यावर दाट आडवे पट्टे भरण्याची रीत पडली. कापडही बारीक विणीचे असे. ‘सून करायची तर पश्चिमेची करावी’ अशी त्या भागातली जुनी म्हण आहे, ती सुईच्या हाताबद्दल. पूर्वेकडच्या सपाटीवर कापड जाडसर आणि नक्षी मोठी. कानागीच्या बाजूला तीन ठसठशीत पट्ट्यांचा तिसरा प्रकार होता. तो भाग वारंवार दुष्काळात सापडला आणि तेथले अंगरखे फारच थोडे उरले आहेत. पांढरा धागा मळून गेला की तोच अंगरखा पुन्हा निळीत बुडवत. मग नक्षी निळ्यावर निळी, जवळजवळ न दिसणारी होई आणि असा अंगरखा बहुधा वय झालेल्या माणसांच्या अंगावर जाई. मला स्वतःला हे दुसऱ्यांदा बुडवलेले अंगरखेच अधिक आवडतात, पण ती माझी खोड झाली.

आमच्या घरी आजीने जुनेऱ्यांची गोधडी शिवली, ती हौसेने नव्हे तर घरात पांघरुणे कमी होती म्हणून. ती सुंदर आहे असे तिला कोणी सांगितले असते, तर तिने आधी संशयाने पाहिले असते. कोगिनकडे पाहताना मला हाच प्रश्न पडतो. ज्यांनी हे शिवले, त्यांना ते सुंदर दिसत होते का? मला वाटते, दिसत होते. फक्त छिद्रे बुजवायची असती तर मांजराच्या डोळ्याची गरज नव्हती. तरीही ज्या दिवशी निवडीचा हक्क मिळाला, त्या दिवशी या बायकांनी सुई खाली ठेवली. १८६८ च्या मेइजी राज्यक्रांतीने संस्थानी राजवट संपवली आणि जुनी बंधने गेली, १८९१ मध्ये टोकियोहून आओमोरीपर्यंत सलग रेल्वे पोहोचली, स्वस्त सुती कापड गावोगाव मिळू लागले आणि कोगिन पाहता पाहता बंद पडले. त्याबद्दल त्या काळी कोणी हळहळल्याचे दिसत नाही. उबदार कापड विकत मिळत असताना कोण कशाला डोळे फोडील?

हळहळ नंतर आली आणि ती शहरातून आली. तत्त्वचिंतक यानागी सोएत्सु आणि त्यांचे कुंभार मित्र हामादा शोजी व कावाई कानजिरो यांनी १९२५ च्या सुमारास ‘मिंगेई’ म्हणजे लोककारागिरी ही कल्पना मांडली. कोमाबाचे संग्रहालय त्यांचेच, १९३६ साली उभे राहिलेले. नामांकित कलावंतांच्या दिखाऊ कामापेक्षा अनाम हातांनी रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंत खरे सौंदर्य असते, हे यानागी यांचे म्हणणे. कोगिनची त्यांनी मनापासून प्रशंसा केली आणि विस्मरणात गेलेले हे काम पुन्हा लोकांच्या नजरेत आले. हिरोसाकीत आज जी कोगिन संशोधन संस्था आहे, ती वास्तुविशारद मायेकावा कुनिओ यांनी १९३२ मध्ये बांधलेल्या पहिल्यावहिल्या इमारतीत काम करते. पांढऱ्या काँक्रीटची ती आधुनिक वास्तू आणि आतले निळे-पांढरे टाके यांची जोडी मोठी मजेदार आहे.

यानागी यांचे ऋण मान्य करूनही माझे त्यांच्याशी एक भांडण आहे. अनामपणाला ते सद्गुण मानतात. स्वतःचे नाव पुढे करण्याचा मोह ज्याला नाही, त्याच्या हातून निर्मळ वस्तू घडते, असा त्यांचा विचार. परंतु त्सुगारूच्या बायकांनी नाव सोडून दिले नव्हते. त्यांचे नाव कोणी विचारलेच नव्हते. संन्याशाचे अपरिग्रह आणि गरिबाचे रिकामे घर बाहेरून सारखेच दिसते, म्हणून दोन्ही एकच आहेत असे म्हणता येत नाही.

टोकियोतल्या मोठ्या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर प्रांतोप्रांतीच्या वस्तूंची प्रदर्शने भरतात. लाखेची भांडी, ओतीव लोखंडाच्या किटल्या, हातकागद, पैठणीलाही लाजवतील अशा किमतीची कापडे असा सारा थाट असतो. सोबतच्या पत्रकांवर निसर्ग, परंपरा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची निष्ठा यांचे गुणगान असते. त्यात खोटे काही नसते, पण वस्तू त्याच प्रांताची का, याचे उत्तर ‘तेथले पाणी चांगले’ एवढ्यावर भागवलेले असते. १९७४ च्या कायद्याने जपानी सरकार ज्या वस्तूंना ‘पारंपरिक कारागिरी’ म्हणून मान्यता देते, त्यांची संख्या आता २४० च्या वर गेली आहे. वस्तू रोजच्या वापरातली हवी, मुख्य काम हाताने झालेले हवे, तंत्र आणि कच्चा माल निदान शंभर वर्षे चालत आलेला हवा आणि एका ठरावीक प्रदेशात पुरेसे कारागीर हवेत, अशा त्याच्या अटी आहेत. आओमोरीतून त्या यादीत त्सुगारूची लाखकाम केलेली भांडी आहेत, कोगिन नाही. यादीतल्या ‘प्रदेश’ या अटीपाशी मी नेहमी अडखळते. हे प्रदेश म्हणजे बहुतेक ठिकाणी जुन्या संस्थानांच्या हद्दी आहेत, आणि त्या हद्दी कारागिराने स्वतःच्या मर्जीने आखलेल्या नव्हत्या.

कधी ही सक्ती निसर्गाचीही असे. शिकोकू बेटावरची योशिनो नदी वादळांच्या हंगामात दरवर्षी काठ सोडून वाहायची, भात हाती लागायच्या आधीच वाहून जायचे. म्हणून आवा संस्थानातल्या शेतकऱ्यांनी वादळांपूर्वी कापून होणारी नीळ धरली आणि पुराने आणलेल्या गाळावर ती माजली. पण नदीची सक्ती निदान कोणाचा द्वेष करत नाही. माणसांनी केलेल्या सक्तीची गोष्ट निराळी आहे आणि तिचे सर्वांत ठळक उदाहरण क्युशू बेटावरच्या अरिता गावी सापडते.

१५९२ ते १५९८ या काळात जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. जमीन हाती आली नाही. हजारो माणसे मात्र धरून आणली गेली आणि त्यांत कुंभार मोठ्या संख्येने होते. त्या काळी चहासमारंभाच्या वेडापायी जपानी सरदार कोरियन वाडग्यांसाठी वाटेल ती किंमत मोजत होते, त्यामुळे वाडगे करणारा माणूसच उचलून आणणे हा व्यवहार त्यांना किफायतशीर वाटला असणार. जपानी इतिहासात या स्वाऱ्यांना ‘कुंभारांची लढाई’ असेही म्हटले जाते, इतके हे उघड गुपित आहे. अरिताच्या भागावर राज्य करणाऱ्या नाबेशिमा घराण्याने आणलेल्यांपैकी यी साम-प्योंग नावाच्या कुंभाराला अरितातल्या इझुमियामा टेकडीत चिनी मातीचा दगड सापडला, अशी परंपरा आहे आणि त्यासाठी १६१६ हे साल सांगितले जाते. नेमका पहिला कोण, याबद्दल संशोधकांत वाद आहेत. वाद नाही तो एवढ्याबद्दल की तोवर जपानात खरी चिनी माती भाजली जात नव्हती आणि त्यानंतर ती अरितात भाजली जाऊ लागली. इझुमियामाची टेकडी शतकानुशतके खणून आतून पोखरली गेली आहे. जगभर पसरलेल्या ताटवाट्यांच्या बदल्यात तेथे एक प्रचंड खड्डा उरला आहे.

भट्ट्या लाकूड खातात. जंगले उजाड होऊ लागली, तेव्हा १६३७ मध्ये नाबेशिमा दरबाराने या भागातल्या ८०० हून अधिक जपानी कुंभारांना हाकलून दिले आणि भट्ट्या निवडक ठिकाणी एकवटल्या. धंद्याचे रहस्य बाहेर जाऊ नये म्हणून गावाच्या वाटांवर चौक्या बसल्या. पुढे दरबारी नजराण्यांसाठीची सर्वांत नाजूक भांडी ओकावाची या तीन बाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात घडू लागली. तेथे तर आतबाहेर करणाऱ्यावर कडक पहारा होता. दरम्यान चीनमध्ये मिंग घराणे कोसळून अंदाधुंदी माजली, तिथली निर्यात अडली आणि नागासाकीतल्या डच व्यापाऱ्यांनी आपला मोर्चा अरिताकडे वळवला. १६५९ मध्ये त्यांनी एका दमात ५०,००० हून अधिक नगांची मागणी नोंदवली. माल जवळच्या इमारी बंदरातून निघे, म्हणून युरोपात तो ‘इमारी’ या नावाने ओळखला गेला. जर्मनीतल्या सॅक्सनीचा शासक ऑगस्टस या भांड्यांपायी इतका वेडावला की त्याच्याच राज्यात १७१० साली माइसन येथे युरोपातला पहिला चिनी मातीचा कारखाना उभा राहिला.

अरितात आज यी साम-प्योंगची ‘कुंभारांचा आद्य पुरुष’ म्हणून पूजा होते. तोझान देवळाची कमान १८८८ साली चक्क चिनी मातीची केलेली आहे, पांढऱ्यावर निळ्या वेलबुट्टीची. तिच्या मागच्या टेकडीवर त्याचे स्मारक आहे. गल्ल्यांतल्या भिंती जुन्या भट्ट्यांच्या विटा आणि फुटकी भांडी लाल मातीत बसवून बांधल्या आहेत. भाजून भाजून विटांवर काचेसारखी चकाकी आली आहे. गाव देखणे आहे, माणसे अगत्यशील आहेत. कोरियात कुंभाराला हलके मानत, जपानात मान मिळाला, म्हणून बरेचजण आनंदाने राहिले, असे तेथे आवर्जून सांगितले जाते. त्यात तथ्य असेलही. १६०७ साली कोरियाचा वकील बंदिवानांना परत न्यायला आला, तेव्हा काही गेले आणि काही गेले नाहीत, हेही खरे. परंतु जाण्याची मोकळीक नसलेल्याने राहणे पसंत केले, या विधानाला पुरावा म्हणून किती वजन द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

क्युशूच्या दक्षिण टोकाच्या सात्सुमा संस्थानाने तर आपल्या बंदिवानांना मिसळूही दिले नाही. नाएशिरोगावा या गावी त्यांना वसवून कोरियन नावे, भाषा आणि पोशाख टिकवण्याची त्यांच्यावर सक्ती केली. वादळात भरकटून आलेल्या कोरियन जहाजांशी बोलायला दुभाषे लागत, हा त्यामागचा एक व्यवहार. चिम घराण्याच्या भट्ट्या तेथे आजही पेटतात. याच गावात १८८२ साली पाक आडनावाच्या घरात एक मुलगा जन्मला. तो चारेक वर्षांचा असताना कुटुंबाने जपानी आडनाव घेतले. पुढे तोगो शिगेनोरी या नावाने तो पर्ल हार्बरच्या वेळी आणि पुन्हा शरणागतीच्या वेळी जपानचा परराष्ट्रमंत्री होता. अडीचशे वर्षे ‘परके राहा’ असे बजावलेल्या वस्तीतला मुलगा जगापुढे जपानची बाजू मांडत होता.

सात्सुमाचाच हात दक्षिणेकडे र्‍युक्यू बेटांपर्यंत, म्हणजे आजच्या ओकिनावापर्यंत, पोहोचला. १६०९ मध्ये त्याने ते राज्य जिंकले आणि नाव पूर्वीच्याच राजाचे ठेवून वसुली सुरू केली. त्या ओझ्यातून १६३७ मध्ये मियाको आणि यायेयामा या दूरच्या बेटांवर डोईपट्टी बसली. पीक येवो न येवो, १५ ते ५० वयाच्या प्रत्येकाने ती भरायची. पुरुषांनी धान्यात, स्त्रियांनी कापडात. मियाकोची बारीक, पंखासारखी हलकी ‘जोफु’ वस्त्रे या पट्टीतून तयार झाली. विणकर बायकांना देखरेखीखाली बसवून काम करून घेतले जाई. नक्षी वरून ठरून येई आणि चूक झाल्यास कापड परत येई. गावात एक दगड होता आणि त्याच्या उंचीचे मूल झाले की पट्टी सुरू होई, अशी दंतकथा मियाकोत अजून सांगतात. इतिहासकार ती मानत नाहीत. बेटावरच्या लोकांनी ती जपून ठेवली, एवढेच मला पुरेसे वाटते.

हे कापड मुख्य जपानात विकले जाई ते ‘सात्सुमा जोफु’ या नावाने. ज्यांनी विणले त्यांच्या बेटाचे नावही त्याला नाही, जो वसूल करी त्याचे आहे. याच सुमारास अलिबागजवळच्या आपल्या चौल बंदरातून पोर्तुगीजांनी जपानात नेलेल्या पातळ रेशमी कापडाला मात्र तिकडे ‘चाऊ’ हे त्या बंदरावरूनच नाव पडले होते, आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्योतोचे विणकर तसेच कापड स्वतः विणू लागल्यावरही ते नाव टिकले. आगरी-कोळ्यांच्या चौलचे नाव सामुराईंच्या विजारींच्या कापडाला, आणि जपानच्याच ताब्यातल्या मियाकोला ते नाही!

डोईपट्टी मेइजी सरकारनेही लगेच उठवली नाही. १८९३ मध्ये ओकिनावाहून आलेले ऊसशेतीचे मार्गदर्शक गुसुकुमा सेइआन आणि मोत्यांच्या शेतीसाठी निइगाताहून आलेले नाकामुरा जिस्साकू हे दोघे, मियाकोच्या दोन शेतकरी प्रतिनिधींना घेऊन, टोकियोला गेले आणि त्यांनी संसदेपुढे गाऱ्हाणे मांडले. त्यानंतरही दहा वर्षे गेली. १९०३ मध्ये ती पट्टी रद्द झाली.

येथे माझ्या मांडणीला धक्का बसतो आणि तो मला आवडतो. कोगिन सक्ती संपताच संपले. जोफुचे तसे झाले नाही. पट्टी गेल्यावर मियाकोचे विणकाम वाढले. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत बेटावरून वर्षाला हजारो ठाण (कापडाचे तागे) बाहेर जात होते, आता त्यांचे दाम विणणाऱ्या घरांत येत होते आणि नावही बेटाचे होते. जे हात दोनशे साठ वर्षे वसुलीसाठी राबले, त्यांनी मोकळे झाल्यावर तेच काम धंदा म्हणून निवडले. याचे कारण मला इतकेच दिसते की त्सुगारूच्या बाईला टाक्यातून ऊब मिळत होती आणि ऊब स्वस्तात बाजारात आली. मियाकोच्या बाईच्या हाती मात्र विकता येईल असे कसब होते. सक्तीमुळे कला जन्मते असे सरसकट म्हणणारे आणि स्वातंत्र्यावाचून कला नाही असे म्हणणारे, दोघांनाही ही दोन उदाहरणे शेजारी मांडून दाखवावीत.

दुसऱ्या महायुद्धाने आणि नंतर किमोनोच घराघरांतून मागे पडल्याने मियाकोचे ठाण मोजण्याइतके उरले. १९७८ मध्ये सरकारने या विणकामाला महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. पण अडचण मागावर नाही, त्याच्या आधी आहे. चोमा नावाच्या झुडपाची साल शिंपल्याने खरवडून वाख काढायचा, तो नखाने केसासारखा चिरायचा, आणि एकेका तंतूचे टोक दुसऱ्याच्या टोकाला बोटांनी पिळून जोडत जायचे. गाठ मारायची नाही. ठाण विणून झाले की कापड लाकडी मोगरीने तासन्‌तास कुटायचे, तेव्हा त्यावर मेणासारखी झळाळी चढते. मोगरीला माणूस मिळतो, मागालाही मिळतो. सूत जोडणारी बहुतेक वृद्ध स्त्रीच असते. २००३ पासून हे सूत जोडणे स्वतंत्रपणे जतन करण्याजोगे तंत्र म्हणून राष्ट्रीय यादीत आहे आणि बेटावर त्याचे वर्ग चालतात. एका ठाणाचे सूत निघायला कित्येक महिने लागतात. वर्गांत येणाऱ्या बायका आपापला संसार आणि कामे सांभाळून येतात, आणि त्या महिन्यांचा मोबदला काय धरायचा, याचे गणित अजून बसायचे आहे.